‘पॅरामेडिक’ शब्द फोडायचा कसा आणि मराठीत लिहायचा कसा

‘मेडिक’चा अर्थ लावायला वेळ लागत नाही. लॅटिनमध्ये ‘मेडिकुस’ म्हणजे वैद्य. घोळ होतो तो ‘पॅरा’पाशी, कारण दिसायला एकच असले तरी ‘पॅरा’ दोन आहेत. एक ग्रीक, अर्थ ‘शेजारी, बरोबरीने’. दुसरा पॅराशूटमधला. तो इटालियन ‘पारारे’ म्हणजे अडवणे, थोपवणे, यावरून आला. ‘शूट’ म्हणजे फ्रेंचमध्ये पडणे.

म्हणून आधी मजकूर कधीचा आहे ते बघा. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी लष्करी लिखाणात पॅरामेडिक म्हणजे पॅराशूटने उतरणारा वैद्यकीय सैनिक. रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित उपचारक हा अर्थ १९७०च्या सुमारास रुळला. कॅलिफोर्नियाचा वेडवर्थ–टाउनसेंड पॅरामेडिक कायदा त्याच वर्षीचा. हा अर्थ ‘पॅरामेडिकल’वरून आला आणि त्यातला ‘पॅरा’ ग्रीक आहे. पॅराशूटची व्युत्पत्ती जुन्या अर्थाला लागू पडते, आजच्या नाही.

आता मराठी प्रतिशब्द. ‘निमवैद्यकीय’ सर्रास वापरतात, पण तो इथे टाळा. ‘निम’ म्हणजे अर्धा. मूळ शब्दात अर्धेपणा कुठेच नाही, डॉक्टरांच्या बरोबरीने उभे राहणे आहे. भर रस्त्यात श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या माणसाला अर्धा वैद्य म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि क्ष-किरण तंत्रज्ञही येतात, म्हणजे नेमकेपणाही जातो. ‘परावैद्यकीय’ ऐकायला जवळचा वाटतो, पण संस्कृत ‘परा’ उपसर्ग ‘मागे, उलट’ असा अर्थ देतो: पराभव, पराङ्मुख. तेव्हा ‘पॅरामेडिक’च लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘रुग्णालयाबाहेर तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी’ अशी फोड द्या.

सर्वांत जास्त चूक होते ती रुग्णवाहिकेवरच्या प्रत्येकाला पॅरामेडिक म्हणण्यात. अमेरिकेत ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) ऑक्सिजन देतो, रक्तस्राव थांबवतो, मोडलेल्या हाडाला आधार बांधतो, छातीदाब देतो. शिरेतून औषधे देणे, ईसीजी वाचणे, श्वासनलिकेत नळी घालणे ही पॅरामेडिकची कामे, आणि त्यासाठीचे प्रशिक्षण कितीतरी लांब असते. ब्रिटनमध्ये तर ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. नोंदणी नसताना ती लावणे गुन्हा ठरतो. बातमीत कोणाची पात्रता काय हे कळत नसेल, तर ‘रुग्णवाहिकेवरील कर्मचारी’ एवढेच लिहा.