वन-इंच पंच जमत नाही? या चुका टाळा

1964 साली अमेरिकेतल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत ब्रूस लीने एका माणसाच्या छातीपासून जेमतेम इंचभर मूठ धरून ठोसा मारला आणि तो माणूस मागच्या खुर्चीत जाऊन पडला. तेव्हापासून ही करामत करून बघायचा मोह कुणाला आवरत नाही. पण बहुतेकांचा ठोसा म्हणजे जोरात ढकलणं असतं.

फरक हेवी बॅगवर, म्हणजे ठोसे मारायच्या टांगलेल्या जड पिशवीवर कळतो. बॅग लांब झोका घेऊन गेली, तर तुम्ही ढकललंत. जागच्या जागी दबून थरथरली आणि आवाज तुटक आला, तर मारलंत. जोडीदार किती मागे गेला, यावर जाऊ नका. पाय जुळवून उभा असलेला माणूस साध्या धक्क्यानेही कोलमडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधीपासून आवळलेली मूठ. हात ताठ केला की कोपर सरळ करणारे आणि वाकवणारे स्नायू एकाच वेळी आखडतात, एकमेकांनाच अडवतात आणि वेग तिथेच मरतो. उपाय विंग चुन या चिनी युद्धकलेच्या सरावातला आहे: बोटं सैल, टोकं पॅडला टेकलेली. तिथूनच मूठ मिटत जा आणि पॅडला लागण्याच्या क्षणी आवळा. लगेच परत सैल. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, आणि लोक नेमकं हेच टाळून दंड कमावत बसतात.

दुसरी चूक, नुसत्या हाताने मारणं. एवढ्याशा अंतरात हाताला वेग घ्यायला जागाच नसते. तो मागच्या पायातून, कमरेतून, खांद्यातून यायला हवा, आणि याच क्रमाने. जोर कुठे गळतो ते शोधायला मूठ भिंतीला टेकवा, कोपर वाकलेलं ठेवा आणि मागच्या पायाने जमीन हळूहळू रेटा. खांदा वर चढतो? कंबर मागे वाकते? कोपर बाहेर पडतं? जे हलेल तिथे दुरुस्ती. कोपर बाहेर पडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. ते बरगड्यांच्या रेषेत ठेवा.

मुठीची भेसळही नको. विंग चुनमध्ये मूठ उभी असते आणि भार बोटांच्या मुळाशी असलेल्या खालच्या तीन गाठींवर (मधलं बोट ते करंगळी) येतो. कराटेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या, म्हणजे पहिल्या दोन गाठींवर. व्हिडिओ बघून शिकणारे आडव्या मुठीने करंगळीच्या बाजूने मारतात. त्यात करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं.

मारण्याआधी खांदा मागे खेचणं, पुढे झुकणं, श्वास कोंडणं या चुका मोबाइलवर बाजूने शूटिंग केलं की लगेच दिसतात. हवेत पूर्ण जोराने मारून कोपराला झटका देऊ नका. त्यापेक्षा वाळू किंवा कडधान्य भरलेली भिंतीवरची पिशवी चांगली, ती मागे सरकत नाही.

अंतर टप्प्याटप्प्याने कमी करा. आधी एक वीत, मग चार बोटं, मग इंच. जोडीदारावर करायचंच असेल तर जाड पॅड लावूनच आणि हृदयाची जागा टाळून. तिथे बसलेला ठोसा क्वचित का होईना, हृदयाची लय बिघडवू शकतो.