घरातल्या सिंगल मॉल्ट व्हिस्कीच्या संग्रहाचा विमा कसा उतरवावा

एजंटला फोन करण्याआधी संग्रह कायद्यात बसतो का, ते बघा. महाराष्ट्रात दारू बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि किती बाळगायची यालाही मर्यादा असते. बेकायदा साठ्यावर दावा टिकत नाही. उलट दाव्याच्या अर्जात तुम्हीच साठ्याची कबुली लिहून देता. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेली पॉल जॉन व्हिस्की सुटकेसमधून आणली असेल, तर ती यादीत घालून उपयोग नाही. ड्यूटी फ्री बाटल्यांना प्रत्येक प्रवाशामागे २ लिटरची मुभा असते. त्यांच्या बिलाला बोर्डिंग पासची प्रत जोडून ठेवा.

आता पॉलिसी. घरासाठी सर्वसाधारणपणे मिळते ती २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’. घराच्या इमारतीचा विमा असला की आतल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. त्यात फ्रिज, सोफा, कपडे सगळं आलं, म्हणजे बाटल्यांच्या वाट्याला फार काही उरत नाही. दागिने, चित्रं, दुर्मिळ वस्तू यांच्यासाठी ठरलेल्या किमतीचं वेगळं संरक्षण घेता येतं. पण व्हिस्की ‘दुर्मिळ वस्तू’त धरणार की ‘खाण्यापिण्याच्या सामाना’त, हे एजंटच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. कंपनीला ईमेल करा, बाटल्यांची यादी जोडा आणि होकार पॉलिसीच्या परिशिष्टात छापून घ्या. नकार आला तर दुसरी कंपनी गाठा. हप्ता भरून झाल्यावर नकार ऐकण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यात मोठी फसगत चोरीच्या बाबतीत होते. मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर अशा घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांत झाली तरच. कुलूप तोडून कपाट रिकामं केलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण हवं. तिथे कमी रकमेचा विमा चांगलाच महागात पडतो. संग्रह १२ लाखांचा, विमा ६ लाखांचा आणि चोरी २ लाखांची असेल, तर सरासरीच्या कलमाने (विमा जितक्या प्रमाणात, भरपाईही तितक्याच प्रमाणात) हातात १ लाखच येतो. हातातून बाटली निसटून फुटली, तर त्याला अपघाती नुकसानाचं कलम लागतं, तेही वेगळं मागावं लागतं.

यादी करताना प्रत्येक बाटलीची एक ओळ ठेवा: डिस्टिलरी, वय, बाटलीबंद केल्याचं वर्ष, कास्क (व्हिस्की मुरवायचं लाकडी पिंप) आणि बाटली क्रमांक, अल्कोहोलचं प्रमाण, मिलिलिटर. फोटो चार काढा: पुढचं लेबल, मागचं लेबल, सील आणि काचेवरचा बारीक कोड. पाचवा फोटो उजेडासमोर धरून, बाटलीच्या मानेतली व्हिस्कीची पातळी दिसेल असा. शिवाय सीलबंद बाटली १ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवून वजन टिपा. वर्षाने वजन घटलं, तर बूच गळतंय. ही हळूहळू होणारी घट विमा कधीच भरून देत नाही, बुचाची झीज आणि बुरशीही नाही. उघडलेल्या बाटलीची संग्राहक किंमत शून्य धरा, मग ती कितीही प्रिय असो.

किंमत ठरवायला लिलावातल्या अलीकडच्या तीन विक्री बघा, तिन्हींतली मधली किंमत घ्या; दुकानदाराने लावलेली किंमत नको. महागड्या बाटल्यांसाठी जाणकाराचं मूल्यांकन पत्र घ्या: ‘भारत गृह रक्षा’त मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांच्या वर किंवा एखादी वस्तू १ लाखाच्या वर असेल तर ते लागतंच. दर वर्षी आकडे ताजे करा, खालच्या दिशेनेही. २०२२ नंतर लिलावातले भाव बरेच उतरले आहेत. पोर्ट एलनसारख्या, १९८३ मध्ये बंद पडलेल्या डिस्टिलरीच्या जुन्या बाटलीसाठी खरेदीचा माग नीट जपा, कारण बनावट माल मुबलक आहे. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेने ५५ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ बनावट निघाल्या.

ठेवण्याची पद्धतही सर्व्हेअर, म्हणजे नुकसानाची पाहणी करणारा, बघतो. बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून दूर, बंद कपाटात, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून दोन फूट वर. २६ जुलै २००५ ला मुंबईत तळमजल्यावर काय झालं ते आठवा. रॅक भिंतीला बोल्टने बांधा. कोकणात आणि मुंबईत दमटपणाने लेबलवर बुरशी धरते, म्हणून लेबलाभोवती पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. पाइप फुटून लेबलं भिजली आणि आतली व्हिस्की शाबूत राहिली, तर किमतीतली घट कंपनी देणार का, हे परिशिष्टात आधीच लिहून घ्या. याच मुद्द्यावर वाद होऊ शकतात.

नुकसान झालं की काचा, बुचं, डबे काहीही फेकू नका. आधी फोटो, मग कंपनीला त्याच दिवशी ईमेल. चोरी असेल तर एफआयआर. यादी आणि बिलांची प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा बँकेच्या लॉकरमध्ये हवी; नाहीतर आगीत बाटल्यांबरोबर पुरावाही जातो. दावा अन्यायाने फेटाळला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.