जुना सुटा भाग विकताना: दोष सांगण्याची आणि माल परत घेण्याची शरियतमधील रीत

नागपुरात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला शरियतप्रमाणे व्यवहार करायचा असेल, तर त्याने सर्वप्रथम मालकी तपासावी. चोरीच्या गाडीचा भाग कितीही रास्त भावात मिळाला, तरी तो घेणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. म्हणून इंजिन घेताना त्यावरील क्रमांक गाडीच्या कागदपत्रांशी ताडून पाहावा आणि खोडलेला क्रमांक दिसल्यास माल घेऊ नये. जो माल अजून आपल्या ताब्यातच आलेला नाही, त्याचा सौदा ग्राहकाशी आधीच पक्का करू नये.

खरी कसोटी दोष सांगण्यात आहे. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. हा प्रसंग ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि प्रसंगांच्या संग्रहात आहे. दुकानात याचा अर्थ असा, की गिअरबॉक्सच्या कव्हरला वेल्डिंग केलेले असेल, तर त्यावर ग्रीस फासून ते झाकू नये, उलट ती बाजू ग्राहकासमोर धरावी. व्यापाऱ्यांच्या रूढीनुसार ज्यामुळे किंमत घटते, तो दोष होय. वापराने आलेली नेहमीची झीज जुन्या मालाच्या भावातच धरलेली असते. ‘जैसा है वैसा’ ही अट हनफी मतात (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एक) चालते, परंतु माहीत असलेला दोष लपवण्याची मुभा तिने मिळत नाही. ग्राहक कोणत्याही धर्माचा असला, तरी हे बंधन तेवढेच राहते.

न सांगितलेला दोष नंतर निघाला, तर ग्राहकाला दोन पर्याय असतात: माल परत करून पूर्ण रक्कम घ्यावी किंवा ठरलेल्या किमतीतच तो ठेवावा. मात्र भाग त्याच्याकडे असताना त्यात नवा बिघाड झाला, उदाहरणार्थ मिस्त्रीने बसवताना आटे खराब केले, तर हनफी नियमानुसार विक्रेत्याची संमती असल्याखेरीज तो परत करता येत नाही; जुन्या दोषामुळे किंमत जेवढी घटते, तेवढी रक्कम ग्राहकाने मागावी. दोष कळल्यावरही गाडी चालवत राहिल्यास त्याने तो स्वीकारला, असे धरले जाते.

विजेच्या भागांसाठी, विशेषतः सेल्फ आणि डायनॅमोसाठी, पसंतीची मुदत, म्हणजे ग्राहकाला सौदा रद्द करता येईल असा काळ, आधीच ठरवावी, हे मला अत्यंत आवश्यक वाटते. काटोल किंवा उमरेडहून आलेल्या ग्राहकाला भाग बसवल्याशिवाय तो चालतो की नाही, हे कळणे शक्य नसते. ज्यांच्या नावाने हनफी परंपरा ओळखली जाते, त्या इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत जास्तीत जास्त 3 दिवसांची असावी. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी निश्चित ठरवलेली अधिक मुदतही मान्य केली आहे.

इसार (सौदा ठरताना घेतलेली आगाऊ रक्कम) घेतल्यास सौदा मोडल्यावर तो परत करावा, कारण तो जप्त करणे हनफी, मालिकी आणि शाफई मतांत अमान्य आहे. हनबली मतात त्याला परवानगी आहे. उधारीवर रोखीपेक्षा अधिक भाव ठरवता येतो, पण तो सौद्याच्या वेळीच एकच ठरावा आणि हप्ता चुकल्यास त्यावर वाढीव रक्कम लावू नये.

पावतीवर भागाचे नाव, इंजिन असल्यास त्याचा क्रमांक, सांगितलेले दोष, मुदतीची शेवटची तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात; उधारी असेल, तर ती लिहून ठेवावी आणि साक्षीदार घ्यावेत, असे कुरआनच्या सूरह बकरा 2:282 मध्येच सांगितले आहे.