बारावीनंतर साथरोगशास्त्र : कॉलेज निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की मला दोन-चार फोन हमखास येतात. "सर, एपिडेमिऑलॉजीत बीएस्सी कुठल्या कॉलेजला आहे?" करोनानंतर हे फोन वाढले. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. पण या विषयाची वाट माझ्या वर्गावरून जाते म्हणून लोक विचारतात. पहिली चूक त्या प्रश्नातच असते.

नाव शोधत बसणं

आपल्याकडे साथरोगशास्त्र, म्हणजेच एपिडेमिऑलॉजी, हा मुख्यतः पदव्युत्तर विषय. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), ही यातली मोठी नावं. तिथे मिळते ती एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. काही खासगी विद्यापीठं बारावीनंतर सार्वजनिक आरोग्याची पदवी देतात. ती सरसकट वाईट असते असं नाही. पण माहितीपुस्तिकेवर ‘एपिडेमिऑलॉजी’ हा शब्द किती मोठा छापलाय, हे बघून प्रवेश घेऊ नका.

ओळखीतली एक मुलगी अशी पुस्तिका घेऊन घरी आली होती. मुखपृष्ठावर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक. आम्ही सहाही सत्रांचे विषय टेबलावर पसरले आणि पेन्सिलीने खुणा करत गेलो. सूक्ष्मजीवशास्त्राचे सात पेपर, संख्याशास्त्राचा एक, तोही पाचव्या सत्रात. फी मात्र मेडिकलच्या शेजारी बसणारी. त्या मुलीच्या वडिलांनी पुस्तिका न बोलता पिशवीत परत घातली.

विषाणू म्हणजेच साथरोगशास्त्र असं समजणं

पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, विषाणूशास्त्रात एमएस्सी करता येतं. उत्तम अभ्यासक्रम आहे, पण तो वेगळा विषय. जंतू ओळखणं हे प्रयोगशाळेचं काम. साथरोगशास्त्र विचारतं : कोण आजारी पडलं, कुठं, कधी, आणि शेजारचा का नाही पडला? २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा ते सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जास्त दिसले. पथकं घरोघर फिरली, पाण्याचे नमुने घेतले. कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू प्रयोगशाळेने दाखवला, पण बघायचं पाण्याकडे हे रुग्णांच्या पत्त्यांवरूनच सुचतं. पत्त्यांच्या यादीत ज्याला गोडी वाटते त्याने इकडे यावं.

अकरावीत गणित सोडणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती कॉलेज निवडण्याच्या दोन वर्षं आधीच झालेली असते. ‘मेडिकलच करायचंय’ म्हणून मुलं फक्त जीवशास्त्राचा गट घेतात. नीटचे गुण कमी पडले की मग एपिडेमिऑलॉजी आठवते. पण संख्याशास्त्रातल्या बीएस्सीला बहुतेक ठिकाणी बारावीला गणित लागतं. फर्ग्युसन असो की रुईया, पदवीला संख्याशास्त्र घेऊन पुढे एमपीएच करणं हा माझ्या मते डॉक्टर नसलेल्यांसाठी सगळ्यात भक्कम रस्ता. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवता येत असेल तर ठेवाच. क्लासवाले नको म्हणतील; म्हणू द्या.

पुढची अट न वाचणं

पदवीला प्रवेश घेण्याआधी एमपीएचच्या पात्रतेच्या अटी वाचा. कुठे कोणताही पदवीधर चालतो, कुठे वैद्यकीय किंवा आरोग्य शाखेचाच लागतो. नोकरीचंही तेच. जिल्ह्यातल्या साथरोगतज्ज्ञाच्या कंत्राटी पदाला अनेकदा वैद्यकीय पदवी आणि वर एमपीएच मागतात. म्हणजे याच खुर्चीवर डोळा असेल तर आधी एमबीबीएस, बीएएमएस वगैरेचा विचार करावा लागेल. संशोधन प्रकल्प, सर्वेक्षण, आकडेवारीची कामं यांत मात्र संख्याशास्त्रवाल्यांना चांगला वाव आहे. परदेशी जायचं असेल तर तीन वर्षांची पदवी चालते की चार वर्षांची लागते, हे विद्यापीठागणिक तपासा. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे तर पाच मिनिटांचं काम.

इमारत बघून येणं, वर्ग न बघणं

कॉलेजात गेलात तर शिकवणाऱ्यांना एक उदाहरण घाला. लग्नात जेवणातून विषबाधा झाली. बासुंदी घेतलेल्या ८० जणांपैकी ४० आजारी, न घेतलेल्या ६० पैकी ६. म्हणजे ५० टक्के आणि १० टक्के, धोका पाचपट. बासुंदी दोषी? बासुंदी घेणारे बहुतेक दुसऱ्या पंगतीचे असतील आणि त्या पंगतीचं पाणी वेगळ्या टँकरचं असेल तर? हे ऐकून ज्यांचे डोळे चमकतात, जे लगेच कागद ओढून पंगतीनुसार दोन तक्ते आखतात, त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढा. ‘ते सिलॅबसमध्ये नाही’ म्हणणाऱ्यांना नमस्कार करून निघा. मुलं आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर स्वतः चालवतात की फक्त पडद्यावर बघतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किती दिवस जातात, हे शिपायाला विचारलं तरी कळतं. वसतिगृह, प्लेसमेंटचे फलक वगैरे नंतर.

चूक झालीच असेल तर

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा फार्मसीला प्रवेश झालाय आणि आता सुचतंय? वर्ष फुकट घालवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात दुय्यम विषय घेता येतो. कॉलेज देत असेल तर तो संख्याशास्त्र घ्या. चेन्नईच्या त्याच संस्थेने आरोग्य संशोधनाची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आणला होता. तसलं काही ऑनलाइन करा. आर फुकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी नोंदणी करून मिळते. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेच्या देखरेखीखाली होतं. २०१९–२१च्या पाचव्या फेरीत जिल्हावार आकडे आहेत. आपला जिल्हा काढा, शेजारचा काढा, बायकांमधल्या रक्तक्षयाचे आकडे समोरासमोर ठेवा. फरक दिसला तर ‘का?’ विचारा. पहिली तीन उत्तरं बहुधा चुकतील.