चिंचोक्यांचा खेळ आणि शिवाराचा नकाशा: जमीनवापराचे नियोजन गावाने कसे करावे

पर्जन्यछायेतील गावात कोणत्या जमिनीवर काय पिकवायचे हा प्रश्न शेवटी विहिरीच्या पाण्यापाशी येऊन थांबतो, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर आणि रब्बीची पेरणी होण्यापूर्वी हाती घ्यावे. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी सोयीची पडते, कारण ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चाही त्याच सुमारास सुरू होते.

सुरुवात नकाशाने करावी, पण संगणकावर नव्हे. आधी शिवारफेरी काढावी आणि चावडीसमोर रांगोळीने ओढे, नाले, विहिरी, गायरान व पाणंद रस्ते लोकांकडूनच काढून घ्यावेत. सरपण आणि पिण्याच्या पाण्याच्या वाटा महिलांना जितक्या नेमक्या ठाऊक असतात तितक्या पुरुषांना क्वचितच असतात, त्यामुळे महिलांचा नकाशा वेगळा काढावा. मेंढपाळ कुटुंबे चराईसाठी गावाबाहेर जातात. त्यांच्या गैरहजेरीत गायरानाचा निर्णय घेऊ नये.

त्यानंतर गावाचा गट नकाशा (जमिनीच्या गट क्रमांकांच्या हद्दी दाखवणारा) क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत घ्यावा आणि देऊळ, पूल, जुनी विहीर अशी किमान चार ठळक ठिकाणे उपग्रहचित्रावर जुळवून तो जागेवर बसवावा. ही ठिकाणे एका कोपऱ्यात न घेता शिवारभर विखुरलेली घ्यावीत, अन्यथा दूरचे गट सरकतात. क्यूफील्ड हे ॲप मोबाइलवर घेतले की विहिरींची जागा आणि पाण्याची खोली शेतातच नोंदवता येते. मोबाइलची जागा काही मीटर चुकू शकते, तेव्हा हा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. नाहीतर बांधाचे भांडण सुरू होऊन मूळ विषय बाजूला पडतो.

आता चिंचोक्यांचा खेळ. एकाच भूजलावर सर्वांची पिके अवलंबून असली की काय होते, ते यात दिसते. पाच जणांनी परातीभोवती बसावे आणि परातीत 40 चिंचोके ठेवावेत, हे भूजल. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर हरभरा किंवा कांदा लिहावा. हरभऱ्याला 1 चिंचोका लागतो व 2 अंक मिळतात, कांद्याला 3 लागतात व 5 अंक मिळतात. फेरीअखेर पावसाचे 5 चिंचोके परातीत पडतात. सर्वांनी कांदा लावल्यास दर फेरीला 10 चिंचोके घटतात आणि चौथ्या फेरीत पाणी पुरत नाही. सर्वांनी हरभरा लावल्यास परात तशीच भरलेली राहते. हे आकडे खेळापुरते आहेत, ते आपल्या गावाच्या अनुभवाने बदलावेत.

पहिल्या चार फेऱ्यांत बोलण्यास मनाई असावी. त्यानंतर परात पुन्हा भरावी, बोलण्याची मुभा द्यावी आणि खेळणाऱ्यांना स्वतःचे नियम करू द्यावेत. आंध्र प्रदेशातील गावांत भूजलावर खेळवलेल्या अशाच खेळात अबोल आणि चर्चेच्या फेऱ्यांची हीच विभागणी होती. खेळ घेणाऱ्याने या वेळी उपदेश करण्याचा मोह आवरावा. नियम कोणी मोडला, मोडल्यावर काय केले, ज्याच्याकडे विहीरच नाही त्याचे काय, हे प्रश्न खेळणाऱ्यांनीच काढले पाहिजेत, आणि खेळापेक्षा अधिक वेळ या चर्चेला ठेवावा. माझ्या मते खेळ सर्वाधिक फसतो तो इथेच घाई केल्याने.

मग खेळातले नियम नकाशावर उतरवावेत. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. या हिशेबाने 1,000 हेक्टरच्या शिवारात 400 मिलिमीटर पाऊस म्हणजे 40 लाख घनमीटर. त्यातील बराच भाग बाष्पीभवनाने व ओढ्याने जातो, म्हणून जमिनीत मुरलेल्या पाण्याचा अंदाज विहिरींच्या नोंदींवरून बांधावा. त्यातून आधी माणसांचे व जनावरांचे पाणी वजा करावे आणि उरलेल्यात किती हेक्टर कांदा बसतो ते गटवार रंगवून पाहावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा असा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. तिथे सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांना ग्रामसभेने बंदी घातली आहे.

ठरलेले नियम, दंडासह, ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावेत, नकाशाची मोठी छापील प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी आणि निवडक विहिरींची पातळी दर महिन्याला त्याच प्रतीवर नोंदवण्याचे काम दोन नावांवर सोपवावे.