पेरणीआधी मनाचा कौल कसा तपासावा

मृगाची पहिली सर पडली की मन म्हणते, "जुंपा तिफण." हा कौल तारखेसह वहीत लिहा, पण त्यावर बियाणे टाकू नका. मन जुन्या खुणा जोडून झटकन उत्तर देते. कोणत्या खुणा, ते सांगत नाही.

मग वावरात जा. धुऱ्याजवळ नव्हे, मधोमध वीतभर खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल आहे. वर ओले, खाली कोरडी ढेकळे, तर थांबा. सोयाबीन पेरण्याआधी ७५ ते १०० मिमी पाऊस हवाच. "मागच्या साली साधलं होतं" हा एकाच सालाचा अनुभव, त्यावर भिस्त नको.

बियाण्याचे १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा, आठवड्याने मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो. ६० उगवले तर ३० × ७० ÷ ६०, म्हणजे ३५. मात्र दाणे टपोरे पाहून वेचले असतील तर हिशेब बिनचूक असूनही उत्तर फसते. न्यायदर्शन, म्हणजे तर्काचे प्राचीन भारतीय शास्त्र, अनुमानाला (तर्काने काढलेल्या निष्कर्षाला) प्रत्यक्षावर (स्वतः पाहिलेल्यावर) उभे करते ते याचसाठी. म्हणून पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून, मिसळून, न निवडता दाणे मोजा.