नाणेनिधीच्या सल्ल्याची काडी कुठल्या झाडाची, हे कसं शोधावं

वेंगुर्ल्यात आमची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. जाणतं गिऱ्हाईक कोयकलम घेताना आधी विचारतं, "काडी कुठल्या झाडाची?" कारण फळ त्या झाडासारखं येतं. देशांना कर्ज आणि सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अहवाल हाती आला की हेच विचारा: हा विचार कुठून आला? इंधनावरची अनुदानं कमी करा, हा निधीचा जुना सल्ला. आणि माझ्या वर्गात मासेमारीच्या होडीच्या डिझेलवरच्या सरकारी परताव्याची वाट बघणाऱ्या घरातली मुलं बसतात.

सुरुवात माणसांपासून करा. निधीचे प्रमुख अर्थतज्ज्ञ कोण, पीएचडी कुठली, मार्गदर्शक कोण? अर्थशास्त्रातल्या संशोधनाची नोंद ठेवणाऱ्या 'रीपेक'च्या संकेतस्थळावर ही गुरु-शिष्यांची वंशावळ फुकट मिळते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुरूकडून शिष्याकडे बाण काढत जा. स्टॅन्ली फिशर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकवत. १९९४ ते २००१ ते निधीत दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर होते. त्यांचे विद्यार्थी ऑलिव्हिए ब्लांशार २००८ ते २०१५ तिथेच प्रमुख अर्थतज्ज्ञ. दुसरे विद्यार्थी बेन बर्नान्के; प्रिन्स्टन विद्यापीठात गीता गोपीनाथ यांचे मार्गदर्शक. गोपीनाथ २०१९ मध्ये प्रमुख अर्थतज्ज्ञ झाल्या. त्यांचे आणखी एक मार्गदर्शक, केनेथ रोगॉफ, त्याच खुर्चीत आधी बसून गेले होते. तिसरे मार्गदर्शक, पिएर-ऑलिव्हिए गुरिंशा, २०२२ मध्ये गोपीनाथ यांच्यानंतर तिथे आले. शिष्येमागून गुरू! इथे मुलं वहीतून मान वर काढतात.

तिथेच थांबलात तर नुसत्या गावगप्पा होतील. सल्ल्याखालचं गृहीतक शोधा. २००८नंतरच्या आर्थिक संकटात युरोपातल्या सरकारांनी खर्चात १ रुपया कापला तर देशाचं उत्पन्न साधारण ५० पैशांनी घटेल, असं अंदाजांत धरलं गेलं होतं. २०१३ मध्ये निधीतल्याच ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवलं, की संकटाच्या सुरुवातीला ही घट रुपयाहून जास्त होती. तोवर कपात लोकांनी सोसली होती.

मग तळटीपा. प्रत्येक लेखकापुढे त्याचं विद्यापीठ लिहा. कोण नाही तेही दिसेल. निधीच्याच स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने २०११ मध्ये, २००८च्या संकटाआधीच्या चुकांमागे सगळे एकाच चाकोरीत विचार करत होते, हे एक कारण नोंदवलं.

बाण दिसला म्हणून निकाल मात्र देऊ नका. रघुराम राजन यांची पीएचडीही एमआयटीचीच. निधीचे प्रमुख अर्थतज्ज्ञ असतानाच, २००५ साली, अमेरिकेत जॅक्सन होलला भरणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत वित्तव्यवस्थेतल्या वाढत्या जोखमीबद्दल ते उघड बोलले. त्यांचा तो निबंध काढा आणि मुलांना वर्गात मोठ्याने वाचायला लावा.